एकोणसत्तर म्हणजे किती?

आईचा फोन नाशिकहून दुपारी एकला येतो. तेव्हा इथे इंग्लंडमध्ये सकाळचे साडेआठ वाजलेले असतात आणि गल्लीतली मुलं दप्तरं घेऊन शाळेला निघालेली असतात. "गेली का गं पोरगी शाळेत?" आई विचारते. वर्ष झालं, उत्तर तिला पाठ आहे, तरी विचारते.

दोन वर्षांपूर्वी इंदिरानगरचं बिऱ्हाड आवरून आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. शाळेत गेली आणि हळूहळू बोलेनाशी झाली, पुढेपुढे घरी मराठीतसुद्धा. दोष कुणाला द्यावा असं काही घडलं नव्हतं. शेवटी घरीच शिकवायचं ठरवून मुख्याध्यापकांना पत्र दिलं आणि तिचं नाव शाळेतून काढलं. (आमच्याकडे पोरीनं नाव काढलं की पेढे वाटतात. हे तसलं नव्हे.) इथल्या 1996 च्या शिक्षण कायद्यात मुलाला शिकवण्याची जबाबदारी आईबापांवर आहे, ती शाळेत पाठवून पार पाडा किंवा अन्य मार्गानं. त्या 'अन्य मार्गा'वर 2024 च्या शरद ऋतूतल्या सरकारी मोजणीत एक लाख अकरा हजारांवर मुलं होती. त्यांना सरकारी अभ्यासक्रमाचं बंधन नाही. सरकारचा एक पौंडही मिळत नाही. पुढे दहावीसारखी जीसीएसई परीक्षा द्यायची तर फी आपणच भरायची, केंद्रही आपणच शोधायचं.

आमची शाळा जेवणाच्या टेबलावर भरते. तिथेच मला 2019 आठवलं. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. जोडाक्षरांनी भरलेले संख्यावाचक शब्द मुलांना जड जातात, असं गणित समितीच्या मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या. मी तेव्हा कॉलेज रोडवर चहा पिताना मोठ्या आवाजात म्हटलं होतं, "आम्ही नाही शिकलो का?" टाळीही मिळाली होती.

आता समोर माझीच मुलगी. म्हटलं, "एकोणसत्तर लिही." तिनं लिहिलं 71. एक आणि सत्तर! तिच्या बाजूनं काय चुकलं? सत्तरला एक कमी म्हणून एकोणसत्तर, हे मी समजावलं, तिनं मान डोलावली आणि एकोणऐंशीला पुन्हा 81 लिहिलं. चौथ्या दिवशी मी गुपचूप 'साठ नऊ' म्हटलं. तिनं झटकन 69 लिहून वर बघितलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" त्या दिवसापासून आमच्याकडे दोन्ही चालतात. आजोबांशी बोलताना एकोणसत्तर, हिशेब करताना साठ नऊ. आजोबा व्हिडिओ कॉलवर पावकी-निमकी म्हणून दाखवतात, ती तिला एखाद्या गाण्यासारखी आवडते. अर्थ तिला पोळीचे चार तुकडे केल्यावर कळला.

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, पेटला आणि जूनअखेर मागे घेतला गेला, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मराठीसाठी आवेशाचे मेसेज वाहत होते. निर्णय मागे घेतला ते बरंच झालं. पण त्यातल्या निम्म्यांची मुलं मराठी वाचत नाहीत, हे मी लिहिलं नाही. घरात भांडण नको.

दादा मात्र ग्रुपवर थांबला नाही, फोनवर बोलला. "शाळेत न घालता कसली शिकणारे ती? घरी बसून शिकतात ते नापास झालेले!" त्याच्या डोळ्यांसमोर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणारी पोरं होती. गंमत अशी, की ज्यांची शाळा सुटली त्यांनी घरून शिकावं म्हणून 1989 पासून मुक्त विद्यापीठ चालवणारं गाव आपलंच, गंगापूर धरणाच्या रस्त्याला. तिथून बीए झालेली आमची मावशी सगळ्यांना चालते.

आणि दादाचा स्वतःचा मुलगा? अकरावीला. नाव एका कॉलेजात, पोरगा दिवसभर क्लासमध्ये. कॉलेजचं तोंड त्यानं प्रवेशाच्या दिवशी पाहिलं. याला तिकडे डमी ॲडमिशन म्हणतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मला हे खुपतं. माझी मुलगी शाळेत जात नाही, हे कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदावर लिहिलेलं आहे. वर्षातून एकदा तिथून चौकशीचं पत्र येतं, मी तिनं काय वाचलं, काय केलं ते लिहून पाठवते. भाचा कागदावर रोज हजर आहे. शाळेबाहेर दोघंही आहेत, फक्त एकाच्या घरात ते बोलून दाखवतात.

तरी नाशिकच्या मैत्रिणी विचारतात, "आम्हीही करू का गं असं?" तेव्हा मी पटकन हो म्हणत नाही. यासाठी मी नोकरी सोडली. नवऱ्यानं नाही, मी. आजूबाजूला हे करणाऱ्या बहुतेक आयाच आहेत, आणि स्वातंत्र्याच्या गप्पांत हा खर्च कुणी मांडत नाही. पोरगी पुन्हा बोलायला लागली नसती तर मीही एवढं ओढलं नसतं. आता ती इतकी बोलते की दुपारी डोकं दुखतं.

एक फायदा मात्र रोकडा आहे. इथे शाळेच्या दिवसांत परवानगीशिवाय मुलाला गावी नेलं तर आईबापांना प्रत्येकी 80 पौंड दंड होऊ शकतो. आम्हाला तो धाक नाही. म्हणून यंदा नोव्हेंबरातच येतोय, थंडीत, दोन महिन्यांसाठी. आईनं आतापासून बजावून ठेवलंय, "शेजारच्यांनी विचारलं तर शाळेला सुट्टी लागलीय म्हणून सांग हं."