वकिलाची नोटीस गेली म्हणजे दावा दाखल झाला असं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की उसने पैसे कोणी परत देत नसेल तर वकिलाकडून नोटीस पाठवा, नोटीस गेली की केस सुरू झाली, मग मुदतीचं टेन्शन नाही. हे साफ चुकीचं आहे आणि यात लोकांचे हक्काचे पैसे बुडतात म्हणून लिहितोय.

दिवाणी दावा सुरू होतो तो वादपत्र, म्हणजे दाव्याची लेखी मागणी, कोर्टात दाखल केल्यावर. नोटीस म्हणजे फक्त मागणी, ती कोर्टापर्यंत पोचलेलीच नसते. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे उसन्या पैशाच्या वसुलीला पैसे दिल्यापासून ३ वर्षं मिळतात, म्हणजे जून २०२२ ला पैसे दिले, मे २०२५ ला नोटीस धाडली आणि उत्तराची वाट बघत सप्टेंबरला कोर्टात गेलात तर दावा मुदतबाह्य, नोटीस कितीही कडक असू दे. हां, मुदत संपायच्या आत समोरच्याने सही करून देणं मान्य असल्याचं लिहून दिलं तर तिथून नवीन ३ वर्षं मोजतात, त्यामुळे असा कागद असेल तर जपून ठेवा.

गोंधळ बहुतेक चेक बाउन्समुळे होतो, तिथे नोटीस लागतेच, पण पैसे द्यायला १५ दिवस देऊन मग महिन्याभरात मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावीच लागते. सरकारवर दावा करायचा तर सहसा २ महिने आधी नोटीस लागते आणि तो काळ मुदतीतून वगळतात. साध्या उसनवारीला ही सवलत नाही.