विंचेस्टरचा पाणबुड्या

गेल्या आठवड्यात विंचेस्टरला जाऊन आलो, लिहायचं लिहायचं म्हणत राहूनच जात होतं. आम्ही दोघं सध्या इंग्लंडमध्ये रीडिंग गावी मुलीकडे आहोत. ती आणि जावई ऑफिसला गेले की आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसतो, शेवटी मुलगीच म्हणाली, बाबा सारखं लंडन लंडन काय करताय, विंचेस्टरला जाऊन या, थेट ट्रेन आहे, तासाभरात पोचाल. सौ.नी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली (इथलं सँडविच तिच्या घशाखाली उतरत नाही) आणि निघालो.

आधीच सांगतो, मी काही इतिहासाचा माणूस नाही. आयुष्य साइटवर गेलं, पूल आणि पाया एवढंच कळतं. त्यामुळे मला काय आवडलं आणि कशावर मी चिडलो हे त्याच नजरेने वाचा.

स्टेशनवरून उतारावर पाच-दहा मिनिटं चाललं की ग्रेट हॉल लागतो. तिसऱ्या हेन्रीने बांधलेला, १२३५ च्या सुमाराला पुरा झाला. सगळी गर्दी असते ती दंतकथेतल्या किंग आर्थरच्या गोल टेबलासाठी. टेबल कसलं, त्याला पाय नाहीत, भिंतीवर टांगलंय मोठ्या घड्याळासारखं. साडेपाच मीटर व्यास आणि वजन सव्वा टनाच्या आसपास. वर चोवीस सरदारांची नावं रंगवलीत आणि मधे आर्थर बसलाय. आता गंमत बघा, आर्थर झालाच असेल तर पाचव्या-सहाव्या शतकातला, आणि टेबलाचं लाकूड निघालं तेराव्या शतकातलं. वरचा रंग आठव्या हेन्रीने दिलेला, आणि म्हणे मधे बसलेल्या आर्थरला चेहराही हेन्रीचाच! म्हणजे नाव एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं. तेव्हा मी हसलो, पण पुढे कॅथेड्रलमध्ये हीच भानगड पुन्हा भेटणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

हाय स्ट्रीट छान आहे, दुकानं दुकानं, त्याबद्दल काही लिहीत नाही. खालच्या टोकाला राजा आल्फ्रेडचा मोठा पुतळा आहे, १९०१ साली त्याच्या मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून उभा केला, आणि नंतर कळलं की तो ८९९ मध्येच गेला होता. असो, चालायचंच.

कॅथेड्रल बाहेरून बघितलं तर थोडं बसकंच वाटतं, उंच कळस वगैरे नाही. पण आत शिरलात की समोर जे लांबच लांब पसरतं ते बघून सौ. म्हणाली, अहो हे संपतं कुठे? एकूण लांबी १७० मीटर. १०७९ ला काम सुरू केलं, १०९३ ला वापरात आलं, त्यानंतर चार-पाचशे वर्षं कुणी ना कुणी वाढवतच राहिलं. मधला टॉवर ११०७ मध्ये कोसळला होता. लोकांनी काय म्हणावं, तर सात वर्षांपूर्वी तो पापी राजा विल्यम रूफस खाली पुरला ना, म्हणून! पायाकडे कुणी बघितलं नसणार. बिल्डिंग पडली की वास्तुदोष काढायची सवय आपल्यालाच आहे असं मला वाटायचं.

उत्तरेकडच्या बाजूला जेन ऑस्टेनची कबर आहे. १८१७ च्या मे महिन्यात उपचारासाठी ती या गावात आली आणि १८ जुलैला वारली, वय ४१. फरशीवर काळा दगड आहे, त्यावर तिच्या स्वभावाचं, मायाळूपणाचं, बुद्धीचं भरपूर कौतुक आहे, पण तिने कादंबऱ्या लिहिल्या याचा एक शब्द नाही. पितळी पाटी लावून ते सांगायला १८७२ उजाडावं लागलं. पंचावन्न वर्षं! पुढे गायनाच्या जागेजवळ वर भिंतीवर रंगीत पेट्या ठेवल्यात, त्यात जुन्या राजांची आणि बिशपांची हाडं. १६४२ मध्ये, राजाविरुद्धच्या यादवीत, पार्लमेंटच्या सैनिकांनी त्या फोडल्या आणि हाडं फेकून खिडक्यांच्या काचा फोडल्या असं सांगतात. नंतर हाडं गोळा करून मिळतील तशी परत पेट्यांत भरली. हल्ली शास्त्रज्ञांनी तपासली तर निदान तेवीस माणसांची निघाली. पेटीवर नाव एकाचं, आत कोण कोण देवाला माहीत. आणि ती पश्चिमेची मोठी खिडकी, तिचे तुकडे नंतर कसेही जोडून बसवलेत, चित्र म्हणून काही लागत नाही, पण ऊन आलं की मला बाकीच्या सगळ्या काचांपेक्षा तीच आवडली.

आता मुख्य मुद्दा.

तळघरात उतरायला एक जिना आहे, एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाहीत, कारण तिथे पाणी चढतं. आम्ही गेलो एप्रिलच्या सुरुवातीला, तेव्हाही खाली पाणी होतं. त्या पाण्यात माणसाच्या उंचीचा एक शिशाचा पुतळा उभा आहे, शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी केलेला, ओंजळीतल्या पाण्याकडे मान खाली घालून बघणारा. सौ. बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मी मात्र पाण्याकडे बघत होतो. डोक्यात एकच, अरे वर एवढं दगडाचं वजन आणि खाली ही परिस्थिती, मग हे उभं कशावर आहे?

तर ऐका. गाव नदीच्या खोऱ्यात. जमिनीखाली पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याचा काळा भुसभुशीत थर, आणि त्याच्या खाली घट्ट गोट्यांची जमीन. तेराव्या शतकात पूर्वेचा भाग वाढवला तेव्हा घट्ट जमिनीपर्यंत जायची सोय नव्हती, मग त्यांनी बीच झाडाचे ओंडके आडवे टाकले आणि त्यावर भिंती चढवल्या. सातशे वर्षं धकलं. १९०५ च्या सुमाराला भेगा वाढल्या, भिंती बाहेर कलायला लागल्या. आर्किटेक्ट होते थॉमस जॅक्सन, त्यांनी फ्रान्सिस फॉक्स नावाच्या इंजिनियरला बोलावलं. भिंतीखाली खणायला घेतलं तर खड्ड्यात पाणी. आता साइटवरचा कुणीही सांगेल, पंप लाव. पण इथे पंप लावून उपसलं की पाण्याबरोबर खालचा बारीक गाळही येणार, आणि पाया आणखी खचणार. मग फॉक्सने डोकं लढवलं, पाणी उपसायचंच नाही, पाण्यात माणूस उतरवायचा.

तो माणूस विल्यम वॉकर. १९०६ ते १९११, रोज साधारण सहा तास, सहा मीटरपर्यंत खोल. पीटमुळे पाणी इतकं काळं की दिव्याचा उपयोग नाही, सगळं काम हाताने चाचपून. अंगावर नव्वद किलोच्या आसपास सूट, तो काढायला-घालायला इतका वेळ जायचा की जेवणाच्या सुट्टीत फक्त हेल्मेट उतरवायचा, खायचा, पाइप ओढायचा आणि परत खाली. आणि आजूबाजूला दफनभूमी, म्हणजे ते पाणी कसलं असेल विचार करा. असे २३५ खड्डे. प्रत्येकात उतरून पीट काढायचं, तळाला काँक्रीटच्या पिशव्या रचून पाण्याची वाट बंद करायची, मगच वरचं पाणी उपसता यायचं आणि गवंडी खाली उतरायचे. एकूण हिशोब आहे २५,८०० पिशव्या काँक्रीट, १,१४,९०० काँक्रीटचे ब्लॉक आणि ९ लाख विटा. मी हे आकडे तिथे उभ्या उभ्या तीनदा वाचले. खड्ड्यात पाणी साचलं की काम थांबवून कंत्राटदाराला नोटीस काढण्यात आम्ही महिने घालवलेत हो!

१५ जुलै १९१२ ला कृतज्ञतेची मोठी प्रार्थना झाली, राजा पंचम जॉर्ज स्वतः आला, वॉकरला पदकही मिळालं. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तो वारला.

आणि आता पुतळा. कॅथेड्रलच्या अगदी मागच्या टोकाला, ज्या भागाखाली तो राबला तिथेच, डायव्हिंगच्या सूटमधला छोटासा पुतळा आहे. पण हा दुसरा. पहिला १९६४ मध्ये बसवला होता, आणि त्यात घोळ असा झाला की नाव वॉकरचं आणि चेहरा इंजिनियर फॉक्सचा! फोटो चुकीचा गेला. पाणबुड्याच्या सूटमध्ये साहेब! २००१ मध्ये खऱ्या चेहऱ्याचा नवीन पुतळा आला तोपर्यंत सदतीस वर्षं लोक फॉक्ससाहेबांनाच वॉकर समजून फोटो काढत होते.

मी स्वतः इंजिनियर आहे, तरी सांगतो, मला राग आला. फॉक्सचं श्रेय कमी नाही, पाणी न उपसण्याचा निर्णय सोपा नव्हता. पण हा घोळ साहेबाच्या बाबतीत झाला असता का हो? साहेबाच्या पुतळ्याला मजुराचं तोंड लागलं असतं तर उद्घाटनालाच दहा जण ओरडले असते. मजुराचा चेहरा कुणाच्या डोळ्यांसमोर नसतो म्हणून तो चुकला तरी खपतो. एवढं मात्र मानलं पाहिजे की चूक लपवली नाही. नवा पुतळा बसवला आणि जुन्याची गोष्टही सांगतात. आपल्याकडे कोनशिलेवर दहा-बारा नावं असतात, त्यातल्या निम्म्यांनी साइटचा चिखलही पाहिलेला नसतो, आणि ती नावं कुणी दुरुस्त केल्याचं मी तरी ऐकलं नाही.

तिथून नदीकाठाने सेंट क्रॉसला चालत गेलो. इचेन नदी, पाणी इतकं स्वच्छ की तळाचं गवत दिसतं. सेंट क्रॉस म्हणजे बाराव्या शतकातला वृद्धाश्रम, आजही तिथे म्हातारे राहतात, काळे किंवा लाल झगे घालून. तिथे जुनी प्रथा अशी की येणाऱ्या वाटसरूने मागितलं तर त्याला पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर द्यायची. आपलं सदावर्तच की! मागावं मात्र लागतं. सौ. म्हणाली, अहो लाज वाटते, तुम्हीच मागा. मागितलं. पावाचा चौकोनी तुकडा आणि शिंगासारख्या छोट्या पेल्यात बिअर. पाव तिने खाल्ला, बिअर मी घेतली. मग बाहेर बाकावर बसून दशम्या काढल्या.

तिथे बसल्यावर मला आमचा पाणबुड्या आठवला. कृष्णेवर एक पूल होता, नव्वद-एक्याण्णवचं काम, वेल फाउंडेशन, म्हणजे विहिरीसारखा पोकळ पाया नदीच्या तळात खाली खाली उतरवत न्यायचा. एक विहीर उतरताना खाली धोंडा आडवा आला आणि विहीर कलायला लागली. कोकणातून एक माणूस आणला होता, काळासावळा, अंगाने किरकोळ, तोंडात हवेची नळी, वर कॉम्प्रेसर. तोही चाचपडतच काम करायचा, पुराच्या गढूळ पाण्यात काय दिसणार. वर आला की कापत कापत आधी बिडी मागायचा. नऊ-दहा दिवस लागले, धोंडा फुटला, विहीर सरळ झाली. पूल आजही उभा आहे, मी त्यावरून शंभरदा गेलो असेन.

नाव आठवेना. परतीच्या ट्रेनमध्ये जुन्या साइटवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, त्या पाणबुड्याचं नाव कुणाला आठवतंय का? एकाने विचारलं, कुठला पूल. एकाने गुलाबाचं फूल पाठवलं. एकाने लिहिलं, आपण त्याला मामा म्हणायचो. तेवढ्यावर विषय संपला.

बेसिंगस्टोक येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. साइट डायरी मीच लिहायचो की, रोज संध्याकाळी, माझ्या अक्षरात. गवंडी ४, बिगारी १२, डायव्हर १. नावाचा रकाना त्यात नव्हताच.