रात्री नऊच्या आत घरी

या वर्षी आम्ही सातारा जिल्ह्याबाहेर फिरायला एकदाही गेलो नाही. पुण्याला दोन लग्नांना गेलो, ते सोडा. ते काही फिरणं नव्हे.

गेल्या डिसेंबरात सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं. राजस्थानचं बुकिंग रद्द केलं, पैसे निम्मेच परत आले, असो. दिवसा नणंद येऊन बसायची, पण रात्रीच्या गोळ्या आणि उठबस आमच्याकडे. मग ह्यांनी नियम काढला: सुट्टीच्या दिवशी जायचं, पण रात्री नऊच्या आत घरी. मुक्काम नाही. स्कूटर, डबा, पाण्याची बाटली. वहीत लिहून ठेवलंय, एकूण तेवीस फेऱ्या झाल्या.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना तर लाजच वाटली. सव्वीस वर्षं साताऱ्यात राहतेय. पाहुणे आले की कास, सज्जनगड, ठोसेघर आणि निघताना कंदी पेढे, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. रहिमतपूरवरून औंध किती लांब? तरी यमाईच्या डोंगरावरचं ते म्युझियम मी पाहिलं नव्हतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमवलेल्या त्या दालनांत ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं दगडातलं आई आणि मूल हे शिल्प आहे. त्यासाठी लंडनला जावं लागतं अशी माझी समजूत! मेणवलीच्या घाटावरची घंटा तशीच. वसई जिंकल्यावर आणलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू, साल १७०७. वाईला गणपतीला वर्षातून चारदा जाणारी मी, पुढचे तीन किलोमीटर कधी गेलेच नव्हते.

सगळंच छान झालं असं नाही हं. ठोसेघरला ऑगस्टात दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा धुकं. हे घरी येऊन सांगतात, "आम्ही धबधबा ऐकून आलो." कासला सप्टेंबरच्या रविवारी गाड्यांच्या रांगेत दोन तास अडकलो. पुढच्या गाडीतलं पोरगं खिडकीतून चिप्सचं पाकीट टाकतंय आणि आई त्याचा फोटो काढतेय. माझं डोकं फिरलं, मी बोललेही.

पण त्याच कासला आम्ही मे महिन्यातही गेलो होतो आणि खरं कास मला तेव्हा कळलं. चिटपाखरू नाही. नुसता तापलेला काळा-तांबडा जांभा, त्यावर बोटभरही माती नाही. हे पायांनी खडक घासत म्हणाले, "यातून काय उगवणार?" तोच तर मुद्दा आहे. कातळावर पावसाचं पाणी साचून राहतं, मातीत कस नाही, म्हणून मोठं झाड तग धरत नाही आणि या चिमुकल्या फुलांना रान मोकळं मिळतं. सीतेची आसवं म्हणून ते जे नाजूक निळं-जांभळं फूल आपण बघतो ना, ती कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीतून मिळत नाही ते पाण्यातले बारीक जीव पकडून मिळवते. मे महिन्यातला तो रखरखीत दगड पाहिला नसता, तर सप्टेंबरात मीही "वॉव" म्हणून फोटो काढून आले असते.

म्हणूनच "यंदा काय, जवळच्या जवळच भागवलंत वाटतं," असं कुणी म्हटलं की मला राग येतो. लांबच्या जागी माणूस एकदा जातो, तेही तिच्या नटण्याच्या दिवसांत. परत जायची सोय फक्त जवळच्या जागेला असते.

लिंबची बारामोटेची विहीर आम्ही तीनदा पाहिली. शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली. आत जिना, छोटासा महाल, दगडावर कोरलेले प्राणी. पहिल्या दोन्ही वेळा मी खाली उतरले, गार वाऱ्यात उभी राहिले, फोटो काढले. वाटलं, झाली बघून.

नोव्हेंबरात सासूबाई म्हणाल्या, "मला पण न्या की कुठं तरी." रिक्षा ठरवून लिंबलाच नेलं. जिना उतरणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून वरच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी मनात म्हटलं, त्यांना इथून काय दिसणार? पाच मिनिटांनी त्यांनी हाक मारली.

"अगं, ही पंधरा आहेत की!"

त्या काठीने थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी पडायच्या दगडी जागा, मोजत होत्या. आम्ही दोनदा येऊन मोजली नव्हती. बारामोटेची म्हणजे बारा मोटा (बैलांनी ओढून पाणी वर काढायच्या चामडी पिशव्या), संपलं. (मोटेच्या जागा पंधरा, पण एका वेळी बारा चालायच्या, असं तिथे सांगतात.) मग त्या सुरूच झाल्या. हा कणा बसवायचा दगड, इथून नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर जायचा, सोंदूर हा बारीक दोर खालून, इकडे धाव, म्हणजे बैलांनी चालायची उतरण. कराडकडच्या त्यांच्या माहेरी इंजिन येईपर्यंत मोट होती. थारोळ्यात पाणी पडलं की त्याच्याखाली उभं राहून पोरं आंघोळ करायची.

"आणि बैल?" ह्यांनी विचारलं.

"पुढं काय, कुठलाबी बैल जातोय. मोट भरून वर आली की पुन्हा उलट्या पावली धाव चढत मागं यायचं, ते शिकवावं लागतंय. आमचा सर्जा हाकेवर यायचा."

असं म्हणून त्यांनी तोंडाने ती हाक काढली. सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून असला आवाज मी ऐकला नव्हता. शेजारी सेल्फी काढणारी दोन मुलं दचकली. ह्यांनी तर आईकडे बघतच राहावं असं झालं.

त्या दिवशी घरी यायला साडेनऊ झाले. नियम मोडला, पण ज्यांच्यासाठी केला होता त्याच सोबत होत्या.

काल गोळ्या देताना मला विचारत होत्या, "उन्हाळ्यात पाणी कुठवर खाली जातंय गं त्या विहिरीचं?" मेचा दुसरा रविवार मी धरून ठेवलाय. हे पुन्हा राजस्थानचे दर बघत बसलेत. बघू देत.