लॉबीतल्या माणसाकडे मुळीच पाहू नका

बाहेरच्या संस्थेतील माणसाला ऑनलाइन बैठकीस बोलावण्याचा प्रसंग प्रत्येकावर कधी ना कधी येतो. अशा वेळी त्याला त्याची पायरी कशी दाखवून द्यावी, याचे प्रात्यक्षिक गेल्या आठवड्यात एका कुशल आयोजकाने मला घडवले. ते स्वतःपुरते ठेवणे स्वार्थीपणाचे होईल, म्हणून येथे देत आहे.

सर्वप्रथम, मायक्रोसॉफ्ट टीम्समधील मीटिंग ऑप्शन्स, म्हणजे बैठकीची सेटिंग्ज, उघडूच नका. लॉबीत, म्हणजे आत घेतले जाईपर्यंत वाट पाहण्याच्या आभासी खोलीत, न थांबता थेट आत कोणी यावे, म्हणजे सर्वांनी, केवळ निमंत्रितांनी, आपल्या संस्थेतील लोकांनी की फक्त आयोजकांनी, हे टीम्समध्ये प्रत्येक बैठकीपुरते आयोजकाला ठरवता येते. परंतु संस्थेच्या ॲडमिनने जे आधीच ठरवून ठेवले आहे ते योग्यच असणार. तुमच्या बैठकीला कोण येणार हे तुमच्यापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक, नाही का?

सह-आयोजक दहापर्यंत नेमता येतात, तेव्हा एकही नेमू नका.

आता मुख्य कौशल्य. लॉबीतून आत घेण्याचा अधिकार केवळ स्वतःकडे ठेवावा आणि मग पूर्ण पडद्यावर सादरीकरण उघडून त्यात असे रंगून जावे की ‘कोणीतरी वाट पाहत आहे’ ही सूचना आली काय आणि गेली काय, काहीच कळू नये. मी त्या बैठकीचा वक्ता होतो. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी लॉबीत येऊन, कॅमेऱ्यात स्वतःचाच चेहरा न्याहाळत बसलो. चॅटवर निरोप धाडावा म्हटले, तर एक्स्टर्नल ॲक्सेससाठी, म्हणजे बाहेरच्या संस्थेतील माणसाशी टीम्सवरून थेट बोलण्यासाठी, दोन्ही संस्थांनी एकमेकांच्या डोमेनला परवानगी द्यावी लागते, आणि ती त्यांच्याकडून कोणी दिलेलीच नव्हती. दूरध्वनी केला, तो अर्थातच सायलेंट. कोणी आत घेतले नाही तर तीस मिनिटांनी टीम्स लॉबीतल्या माणसाला आपोआप बाहेर काढते, हे ज्ञान मला त्या दिवशी अनुभवाने झाले. थोड्याच वेळात ईमेल आला: “आपण उपस्थित राहिला नाहीत, त्यामुळे विषय पुढे ढकलावा लागला.” आणि आत कोण बसले होते म्हणता? ज्याचा करार केव्हाच संपला आहे असा एक जुना सल्लागार! त्याला कधीकाळी गेस्ट म्हणून संस्थेच्या डिरेक्टरीत, म्हणजे खात्यांच्या यादीत, घेतले होते, ते खाते कोणी काढले नाही, आणि बैठकीचे सेटिंग ‘संस्थेतील लोक आणि गेस्ट’ असे असल्यामुळे तो दर आठवड्याच्या त्याच जुन्या लिंकवरून थेट आत आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि वर त्याला सुरक्षा हे नाव.

तक्रार झालीच, तर पुढच्या बैठकीला लॉबी सर्वांसाठी सताड उघडावी, फोनवरून येणाऱ्यांसाठीसुद्धा. अनोळखी लोक बैठकांत घुसून धुडगूस घालू लागले तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, झूमला लाखो लोकांसाठी वेटिंग रूम आणि पासवर्ड आपणहून चालू करावे लागले होते. पण ती गोष्ट जुनी झाली, आणि तुमच्या बैठकीत ऐकण्यासारखे असते तरी काय?

आता हे पुरे झाले. गेस्ट म्हणजे ज्याचे खाते तुमच्या डिरेक्टरीत आहे तो, आणि एक्स्टर्नल म्हणजे स्वतःच्या संस्थेच्या खात्यातून येणारा. एवढा फरक ज्याला समजून घ्यायचा नाही, त्याने बाहेरच्यांना बोलावण्याच्या फंदात पडू नये. काम संपलेल्या गेस्टची खाती काढून टाका. बैठकीपूर्वी दोन मिनिटे खर्चून कोण थेट येईल आणि कोण थांबेल ते नीट लावा, आणि तुम्ही बोलत असताना लॉबीकडे पाहील असा एक तरी सह-आयोजक नेमा. तेही होत नसेल, तर निदान “आपण उपस्थित राहिला नाहीत” असे लिहिण्यापूर्वी लॉबीतल्या नावांची यादी उघडून पाहत जा. माझे नाव तिथे तीस मिनिटे होते.