पिकअपचं काय झालं?

रविवारी सकाळी मेकॅनिकने माझ्या स्कूटरची किक मारली, कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "साहेब, गाडीला पिकअपच नाही. कार्बोरेटर कचऱ्याने भरलाय." कात्रजच्या घाटात एक सायकलवाला शीळ घालत पुढे गेला, तेव्हाच मला संशय आला होता.

गाडी तिथेच टाकून रिक्षाने तपकीर गल्ली गाठली. खिशात मुलाच्या गिटारचा पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर गिटारची तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते, ती अॅम्प्लिफायरमध्ये जाते आणि खालचे कुलकर्णी वर येतात. दुकानदाराने भिंगातून पाहिलं. "आतून तुटलीय हो तार. हे आता नवीनच बसवा." (कुलकर्ण्यांना हे मी अजून सांगितलेलं नाही.)

त्याच दिवशी बायकोने जुनं कपाट आणायला पिकअप सांगितली होती. आणि सासरे दुपारी पुणे स्टेशनला उतरणार होते, त्यांचा पिकअप माझ्याकडे होता.

इंग्रजीत मुळात हे 'उचलणे' अशा अर्थाचं क्रियापद. त्याचं नामही इंग्रजांनीच केलं, आपण वर लिंग दिलं. स्कूटरचा तो पिकअप, सामानाची ती पिकअप. बॅट हातात तोलून "पिकअप हलका आहे" म्हणणारे वेगळेच. निदान लिंगावरून तरी अंदाज लागतो. पण 'पिकअपचं' म्हटलं की तोही आधार गेला.

दीड वाजता घरच्या ग्रुपवर सासऱ्यांचा मेसेज आला : "पिकअपचं काय झालं?"

गिटार त्यांनीच नातवाला वाढदिवसाला दिलेली. त्यामुळे मी अत्यंत आदराने लिहिलं, "बाबा, जुना झालाय, आतून तुटलाय. दुरुस्तीत अर्थ नाही. नवीनच आणू."

पलीकडे निळ्या दोन खुणा उमटल्या. मग बराच वेळ काहीच नाही.

मी धापा टाकत स्टेशनवर पोचलो तेव्हा तिथे सासरे नव्हते. बायकोने फोन उचलला नाही. घरी आलो, तर दारात टेम्पो उभा. मागे दोरीने आवळलेलं कपाट, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर आंब्यांची पेटी घेऊन सासरे. बायकोने गाडी स्टेशनवरून वळवून आणली होती.

सासरे सावकाश उतरले, पेटी माझ्या हातात दिली आणि टेम्पोकडे बोट दाखवून म्हणाले, "जावईबापू, हिला पिकअप आहे हो!"