मोझांबिकच्या तुरीचा अपमान झाला म्हणणाऱ्यांस

नमस्कार. मोझांबिकची तूर लातूरच्या आडत बाजारात हारतुरे घेते आणि गावरान तूर बाहेर चाळणीच्या रांगेत ताटकळते, हे माझ्या लेखातलं विडंबन तुम्हाला झोंबलं. ‘डाळ दोनशेवर गेली तेव्हा कुठे होतात? गरिबाने वरण खायचं नाही का? आणि टीका याच सरकारवर का?’ असं तुम्ही विचारलंत.

वरण खायचंच. आपल्याला लागते तेवढी तूर इथे पिकत नाही, तेव्हा बाहेरून आणण्याला माझी हरकत नाही. पण 2015 ची महागाई काढलीत, तर पुढचंही सांगा की. तो भाव बघून शेतकऱ्याने पुढच्या खरिपात तुरीचा पेरा वाढवला, पाऊसही बरा झाला, आणि 2017 मध्ये बोनससह क्विंटलला 5050 रुपये हमीभाव असलेली तूर बाजारात चार हजारांखाली आली. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना, म्हणजे पोती, संपली. आयातीवर 10 टक्के शुल्क लागलं मार्चमध्ये, आयातीला मर्यादा आली ऑगस्टमध्ये, निर्यातबंदी उठली सप्टेंबरमध्ये. तोवर शेतकऱ्याच्या घरात तूर होती कुठे? वरातीमागून घोडे, आणि घोड्यांचं भाडं नवरदेवाच्या खिशातून.

ती निर्यातबंदी 2006 ची, बरं का. केंद्रात यूपीए, कृषिमंत्री शरद पवार. टीका याच सरकारवर नाही, त्याही सरकारवर आहे; तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं.

माझ्या लेखात अतिशयोक्ती आहे म्हणता, पण हारतुरे सोडले तर फारसं रचावं लागलं नाही. मोझांबिकशी 2016 साली पाच वर्षांचा करार झाला. कोणत्या वर्षी किती तूर घेणार, हे त्यात लिहिलेलं: पहिल्या वर्षी 1 लाख टन, शेवटच्या वर्षी 2 लाख. मुदत संपल्यावर 2021 मध्ये आणखी पाच वर्षं. आपल्या लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या शेतकऱ्याकडे असा कागद आहे? त्याच्याकडे हमीभावाची बातमी असते, आणि केंद्रावर ‘ओलावा जास्त आहे’ हे उत्तर.

2021 च्या मे महिन्यात तुरीची आयात खुली झाली, मग मुदतवाढीवर मुदतवाढ. जानेवारी 2025 मध्ये नवी तूर बाजारात येत होती, हमीभाव 7550 होता, आणि नेमकी तेव्हाच शुल्कमुक्त आयात मार्च 2026 पर्यंत वाढवली. मी गंमत केली ती या मुहूर्ताची.

‘मग उपाय सांगा’ असंही लिहिलंत. एवढंच करा: हमीभावासोबत आयात किती आणि कधी, तेही पेरणीआधी जाहीर करा, आणि राशी होईपर्यंत, म्हणजे मळणी उरकेपर्यंत, त्यात बदल करू नका. मग तूर लावायची की सोयाबीन, ते शेतकरी बघून घेईल.