टॉर्चवर बोट दाबून मलेरिया कळत नाही हो

गोव्यातल्या डिचोलीच्या मावशीला दिवसाआड हुडहुडी भरून ताप, असा दोनदा येऊन गेलेला, आणि ही बाई मोबाईलच्या टॉर्चवर बोट दाबून बसलेली. बोटाचं टोक डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल आणि स्क्रीनवर हिरव्या अक्षरात 'नॉर्मल'. फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आलाय ना: मलेरियाला आता सुई नको, ॲप प्रकाशाने ओळखतं, नॉर्मल आलं तर रक्त तपासू नका, लॅबवाल्यांनी हे दडपून ठेवलंय.

प्रकाशाने मलेरिया शोधतात हे खरंय, मान्य करावंच लागतं. मलेरियाचा जंतू लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या हीमचे, म्हणजे त्यातल्या लोहवाल्या भागाचे, बारीक स्फटिक करतो, हिमोझोइन. त्यावर लेझर पडला की ते तापतात आणि त्याचा सूक्ष्म आवाज कातडीवरचा सेन्सर टिपतो. सायटोफोन नावाच्या अशा यंत्राचा कॅमेरूनमधला अभ्यास २०२४ ला नेचर कम्युनिकेशन्स या विज्ञान नियतकालिकात आला. माणसं किती, तर २०. मायक्रोस्कोपशी ताडून संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ६९, म्हणजे मलेरिया असलेल्या शंभरात दहा सुटणार आणि नसलेल्या शंभरात एकतीस जणांना उगाच 'आहे' म्हणणार. हे लेझरवाल्या मशीनचं झालं! टॉर्चने फार तर नाडीचे ठोके मोजता येतात.

पण डोकं फिरलं ते 'रक्त तपासू नका' वाचून. फाल्सिपेरम ही मलेरियाची सगळ्यात घातक जात, तिचे वाढलेले जंतू आतल्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात, बोटाच्या रक्तात फिरतात ते बहुतेक कोवळे, त्यांच्यात हिमोझोइन नावालाच, म्हणजे खरं लेझर मशीनसुद्धा इथे चुकू शकतं आणि तुम्ही ॲपवर विसंबून पॅरासिटामॉल घेत बसणार, तोवर ते मेंदूपर्यंत गेलं तर? आणि व्हायवॅक्स ही दुसरी जात असेल तर तो जंतू लिव्हरमध्ये दडून राहतो, त्याला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस. कुठली जात ते टॉर्च सांगणार काय?

लॅबचा धंदा म्हणे. सरकारी आरोग्य केंद्रात मलेरियाचं रक्त फुकट तपासतात.

शेवटी मावशीला स्कूटरवर मागे बसवून केंद्रात नेलं. बोटाला एक टोच, काचेवर एक जाड थेंब, बाजूला एक पातळ पसरलेला, झालं. व्हायवॅक्स निघाला. गोळ्या चालू आहेत आणि मावशी अजून म्हणतेय, ॲप अपडेट करायचं राहिलं होतं रे.